वॉर्डातल्या वृद्धांत डिलिरियम किती? आकडे इतके वेगळे का, आणि आपण मोजायचा तर कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वयस्कर रुग्णांतल्या डिलिरियमचं, म्हणजे आजारपणात अचानक भान हरपण्याचं, प्रमाण कुठे १० टक्के, कुठे ३० आणि आयसीयूबद्दल लिहिताना थेट ८० टक्के दिलेलं सापडतं. यातलं खरं कोणतं धरायचं? आणि तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डात स्वतः मोजायचं ठरवलं तर काय करायचं?

सगळेच आकडे खरे असू शकतात. हिमोग्लोबिनसारखा हा आकडा यंत्रातून छापून येत नाही. कुणी तपासलं, दिवसातून किती वेळा तपासलं, कशाने तपासलं आणि यादीतून कुणाला आधीच वगळलं, यावर तो दुपटी-तिपटीने हलतो. म्हणून कुठलाही टक्का वाचला की आधी त्याच्या खाली भागाकाराला कोण होतं ते बघा.

मोजायचं काय, तेही स्पष्ट हवं. घरची माणसं म्हणतात ‘वात झालाय’, ‘बरळतायत’, ‘कालपासून भानावर नाहीत’. शेवटचं वर्णन सगळ्यात नेमकं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालेला, दिवसभरात कमी-जास्त होणारा, लक्ष टिकू न देणारा आणि मागे काहीतरी शारीरिक कारण असलेला मेंदूचा बिघाड म्हणजे डिलिरियम. म्हातारचळ म्हणतात ते वेगळं, ते वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. खरी अडचण अशी की नळ्या उपसणारा, ओरडणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेला, हाक मारली की ‘हूं’ म्हणून पुन्हा डोळे मिटणारा रुग्ण मात्र ‘शांत आहेत, काही त्रास नाही’ या रकान्यात जातो. वृद्धांत हा गप्प प्रकार फार मोठ्या प्रमाणात असतो आणि सुटतोही तोच.

आता आकडे. प्रौढ मेडिकल रुग्णांवरच्या ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दाखल होतानाच डिलिरियम असलेले १५ टक्के, दाखल झाल्यावर नव्याने झालेले ९ टक्के आणि मुक्कामात केव्हातरी झालेले एकूण २३ टक्के निघाले. हे तीन आकडे वेगळे आहेत आणि निम्मा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो. शंभर वृद्ध दाखल झाले असं धरा. पंधरा जण डिलिरियम घेऊनच आले. उरलेल्या ८५ पैकी ९ टक्क्यांनी साधारण आठ जणांना वॉर्डात झाला. एकूण तेवीस. आलेल्या पंधरांसाठी कारण शोधून उपचार करणं एवढंच हातात असतं. त्या आठांबाबत मात्र वॉर्डाला जाब द्यावा लागतो, कारण टाळता येण्यासारखं जे काही आहे ते त्या आठांत आहे. दोन्ही गट एकाच आकड्यात ओतले की सुधारणा झाली का बिघाड, काहीच कळत नाही.

चौथा आकडा म्हणजे एका दिवसाची पाहणी. १५ मार्च २०२३ रोजी ४४ देशांतल्या १,६६४ वॉर्डांत अशी मोजणी झाली. सकाळी आठला १८ टक्के आणि रात्री आठला १७.७ टक्के रुग्णांना डिलिरियम होता. इटलीत २०१५ साली ६५ वर्षांवरच्या १,८६७ रुग्णांत एका दिवशी २२.९ टक्के मिळाले. एका दिवसाची पाहणी स्वस्त आणि सोयीची असते, पण तिच्यात एक जन्मजात तिरकेपणा आहे: जास्त दिवस राहणारे रुग्ण तिच्या जाळ्यात जास्त सापडतात. वरचेच शंभर रुग्ण घ्या आणि उदाहरणापुरतं समजा की डिलिरियमचे तेवीस जण प्रत्येकी दहा दिवस राहिले, बाकीचे सत्त्याहत्तर पाच-पाच दिवस. खाट-दिवस (रुग्ण गुणिले मुक्कामाचे दिवस) झाले २३० आणि ३८५, एकूण ६१५. म्हणजे कुठल्याही दिवशी वॉर्डात गेलात तर ३७ टक्के खाटांवर असा माणूस असेल ज्याला या मुक्कामात कधीतरी डिलिरियम झालाय किंवा होणार आहे. पण प्रत्येकाचा डिलिरियम सरासरी चार दिवस टिकला असेल, तर त्या क्षणी प्रत्यक्ष लक्षणं असलेले फक्त ९२ भागिले ६१५, म्हणजे १५ टक्के. एकच वॉर्ड, तेच रुग्ण, आणि आकडे १५, २३, ३७. यात कुणीही खोटं बोललेलं नाही.

जागेनुसार फरक तर आहेच. घरी राहणाऱ्या वृद्धांत एका वेळी १ ते २ टक्के. अपघात विभागात येणाऱ्या वृद्धांत ८ ते १७. कंबरेचं हाड मोडून आलेल्यांत आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बरंच जास्त, मोजण्याच्या पद्धतीनुसार दहा-बारा टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत. आयसीयूतल्या १६,५९५ रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात ३१.८ टक्के निघाले. ८० टक्क्यांच्या आसपासचे आकडे बहुतेक व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे असतात, ते सगळ्या आयसीयूला लावू नयेत. आपल्याकडचं उदाहरण चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाचं आहे: आयसीयूतल्या १४० रुग्णांपैकी ७५ जणांना, म्हणजे ५३.६ टक्क्यांना डिलिरियम आढळला. दाखल झाल्यावर नव्याने होण्याचं प्रमाण मात्र २४.४ टक्के होतं. कोणी ‘भारतातल्या आयसीयूत निम्म्यांना’ म्हणतं, कोणी ‘पाव जणांना’, आणि दोघांच्या हातात एकच लेख असतो.

वगळणी हा सगळ्यात फसवा भाग. पुष्कळ अभ्यास आधीच डिमेन्शिया (वर म्हटलेला म्हातारचळ) असलेल्यांना, पक्षाघाताने बोलू न शकणाऱ्यांना, संमती देऊ न शकणाऱ्यांना बाजूला काढतात. ज्यांना डिलिरियम होण्याची शक्यता सर्वाधिक त्यांनाच वगळल्यावर आकडा छान कमी येणारच. तसंच, इतका झोपाळलेला की प्रश्नच विचारता येत नाहीत अशा रुग्णाला ‘तपासता आलं नाही’ म्हणून सोडून द्यायचं की मोजायचं? युरोप आणि अमेरिकेतल्या डिलिरियम संघटनांनी २०१४ साली संयुक्तपणे भूमिका घेतली की पूर्ण कोमात नसलेला असा रुग्ण डिलिरियमचाच धरावा, कारण त्याचं लक्ष नाही हे उघडच आहे. वॉर्डात हाच नियम ठेवा. नाहीतर सगळ्यात आजारी रुग्ण हिशेबाबाहेर राहतात.

मोजमापासाठी दोन साधनं जास्त चालतात. एक १९९० चं कॅम (CAM). त्यात चार गोष्टी बघतात: अचानक सुरुवात व चढउतार, लक्ष नसणं, विस्कळीत विचार, जागेपणात बदल. पहिल्या दोन हव्याच, शिवाय उरलेल्या दोनपैकी किमान एक. ते चांगलं आहे, पण शिकलेल्या हातातच. प्रशिक्षणाशिवाय वापरलं की निम्मे रुग्ण सुटतात. रोजच्या वॉर्डासाठी फोर-एटी (4AT) ही चार भागांची छोटी चाचणी बरी. दोन मिनिटांत होते आणि वेगळं प्रशिक्षण लागत नाही. गुण असे: जागेपणा स्पष्टपणे बिघडलेला असेल तर ४, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष यांत एक चूक झाली तर १, दोन किंवा जास्त झाल्या तर २, डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितलेले महिने सात किंवा जास्त बरोबर आले तर ०, सुरू केलं पण सात झाले नाहीत किंवा म्हणायलाच नकार दिला तर १, तपासणंच अशक्य असेल तर २, आणि गेल्या दोन आठवड्यांत सुरू झालेला, शेवटच्या चोवीस तासांतही असलेला बदल असेल तर ४. बेरीज चार किंवा जास्त आली की डिलिरियमची शक्यता धरून कारण शोधायला लागायचं.

आपल्याकडे हे लावताना ठेच लागते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाला, म्हणजे वय-जन्मतारखेच्या प्रश्नांना आणि उलट्या महिन्यांना. ऐंशीच्या पुढच्या कित्येकांची जन्मतारीख कागदावर १ जून असते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहिली. शाळेत न गेलेल्या आजींना तर तारीख कधीच माहीत नव्हती. त्या ‘मोठ्या दुष्काळाच्या आधीची’ म्हणतील. हे उत्तर डिलिरियमचं नाही. आधार कार्डावरची तारीख समोर ठेवा, आणि नातेवाइकाला विचारा की एरवी त्यांना ती सांगता येते का. येत नसेल तर ती चूक वहीत वेगळ्या खुणेने नोंदवा. ‘कुठे आहात?’ला ‘मोठ्या दवाखान्यात’ हे उत्तर चालणार का, हे आधीच ठरवून घ्या. एका सिस्टरने चालवलं आणि दुसरीने नाही, की महिन्याचा आकडा ड्युटीच्या तक्त्यावर अवलंबून राहतो. महिन्यांबाबत, डिसेंबरपासून उलटं जूनपर्यंत आले की सात होतात. ज्यांचं सगळं आयुष्य तिथी-सणांवर गेलं त्यांना फाल्गुनापासून म्हणू द्या: फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद. इथेही सात. मूळ चाचणीत हे नाही, म्हणून कोणते महिने विचारले ते लिहा आणि त्याच रुग्णाला रोज तेच विचारा. महिने येतच नसतील तर वार उलटे म्हणायला लावून लक्ष टिकतंय का बघा, पण त्याला सात महिन्यांचा गुण देऊ नका.

हे करताना कानात यंत्र आणि डोळ्यांवर चष्मा आहे ना, ते आधी. ऐकू न आल्यामुळे चुकलेलं उत्तर हा दरवेळचा घोटाळा आहे.

आपल्या वॉर्डांत एक मोठी जमेची बाजू आहे. खाटेशेजारी चोवीस तास घरचं माणूस असतं. ‘आजोबा नेहमीसारखे वाटतात का? कालपासून काही वेगळं?’ या एका प्रश्नाने अचानक झालेला बदल जितका कळतो तितका आपल्या तपासणीतून कळत नाही. फक्त विचारायचं कुणाला ते बघा. रात्रीपासून बसलेल्या सुनेला विचारा. आज सकाळी मुंबईहून उतरलेल्या मुलाने वडिलांना गणपतीनंतर पाहिलेलंच नसतं. ‘वयामुळे होतं असं’ हे उत्तर बहुतेक त्याच्याकडूनच येतं.

चाचणीतही चूक असतेच, आणि ती हिशेबात धरली पाहिजे. फोर-एटीची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडते) आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते) दोन्ही सुमारे ८८ टक्के निघाली आहे. शंभर रुग्णांत खरे वीस असतील तर चाचणी साडेसतरा पकडते, आणि नसलेल्या ऐंशींपैकी साडेनऊ जणांवर चुकीचा शिक्का मारते. वहीत दिसतात सत्तावीस. उलट हिशेब सोपा आहे: दिसलेलं प्रमाण अधिक विशिष्टता वजा एक, भागिले संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा एक. इथे ०.२७२ + ०.८८ − १ म्हणजे ०.१५२, भागिले ०.७६, उत्तर ०.२०. अहवालात दोन्ही आकडे द्या. रुग्णापुरतं मात्र प्रत्येक ‘चार किंवा जास्त’ खराच समजून बघायला जा; एक सोडियम जास्त तपासलं गेलं तर काही बिघडत नाही.

जुन्या फायली काढून मोजायचा विचार असेल तर सोडून द्या. एका अमेरिकन अभ्यासात संशोधकांनी आणि वॉर्डातल्या नर्सनी तेच रुग्ण समांतर तपासले, तेव्हा डिलिरियमच्या रुग्णांपैकी ३१ टक्केच नर्सच्या नोंदीत आले. एकेका तपासणीच्या हिशेबाने तर १९ टक्केच. सुटण्याची चार कारणं ठळक होती: गप्प प्रकार, वय ८० च्या वर, कमी दिसणं आणि आधीचा डिमेन्शिया. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिलं जाण्याचं प्रमाण याहूनही वाईट असतं. तिथे ‘इरिटेबल’, ‘अनकोऑपरेटिव्ह’, ‘सायकियाट्री रेफरन्स’ असे शब्द मिळतील. फायलींतून काढलेला ४-५ टक्क्यांचा आकडा रोगाबद्दल काही सांगत नाही, आपल्या लिहिण्याबद्दल सांगतो.

कुणाला होतो? दाखल होतानाची जोखीम १९९३ च्या एका मॉडेलमध्ये चार गोष्टींत बसवली गेली: कमी दिसणं, आजाराची तीव्रता, आधीची स्मृतीची अडचण आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याचं दाखवणारं रक्तातल्या युरिया नायट्रोजन-क्रिएटिनिनचं १८ किंवा त्याहून जास्त गुणोत्तर. (आपल्या लॅबने नुसता युरिया दिला असेल तर आधी २.१४ ने भागा, नाहीतर सगळेच जोखमीत येतील.) हे कोरडं सरपण झालं. ठिणगी वॉर्डात पडते, आणि १९९६ च्या अभ्यासातले आकडे प्रत्येक वॉर्डाने भिंतीवर लावावेत असे आहेत: हातपाय बांधणं, सापेक्ष जोखीम (म्हणजे धोका किती पट) ४.४, कुपोषण ४.०, एका झटक्यात तीनपेक्षा जास्त नवी औषधं २.९, लघवीची नळी २.३; उपचारांतूनच उद्भवलेली कुठलीही गुंतागुंत १.९. पाचपैकी चार गोष्टी आपण करतो. आपल्याकडे यात भर घालायची तर सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, रिअॅक्शन येऊ नये म्हणून सवयीने दिलेलं फेनिरामिनचं इंजेक्शन, पोटदुखीचं डायसायक्लोमिन, झोपेसाठी अल्प्राझोलाम, दुखण्यासाठी ट्रामाडॉल. शिवाय रक्तदाबासाठी थायाझाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू असताना उतरलेलं सोडियम, चार दिवस न झालेली शौच आणि तुंबलेली लघवी. दारू रोजची असेल तर शेवटच्या घोटानंतर दोन ते चार दिवसांनी येणारा डिलिरियम वेगळा नोंदवा. त्याचा उपचार वेगळा आहे आणि घरचे ती गोष्ट विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

कोविडच्या काळात एक धडा मिळाला, तो विसरला जातोय. अमेरिकेत अपघात विभागात आलेल्या ६५ वर्षांवरच्या ८१७ कोविड रुग्णांपैकी २८ टक्के डिलिरियम घेऊन आले, आणि त्यातल्या ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखं नेहमीचं लक्षणच नव्हतं. वृद्धांत बरळणं हेच न्यूमोनियाचं पहिलं लक्षण असू शकतं. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असं धरू नका.

परिणामांबद्दल २०१० चा मोठा आढावा नेहमी पुढे केला जातो. सरासरी पावणेदोन-दोन वर्षांत डिलिरियम झालेल्यांपैकी ३८ टक्के दगावले, न झालेल्यांपैकी २७.५, वय, आजार, डिमेन्शिया यांचा हिशेब करूनही धोका १.९५ पट राहिला. पुढे डिमेन्शिया होण्याचा साडेबारा पट हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो फक्त दोन अभ्यासांतल्या २४१ रुग्णांवर उभा आहे. दिशा खरी आहे, आकड्यावर मात्र फार भार टाकू नये. नातेवाइकांना सांगण्यासाठी दुसरा आकडा जास्त उपयोगी: घरी जाताना सुमारे ४५ टक्क्यांत डिलिरियम पूर्ण गेलेला नसतो, महिन्याने ३३ आणि तीन महिन्यांनी २६ टक्क्यांत काही ना काही उरलेलं असतं. ‘दोन दिवसांत होतील नीट’ असं सांगून घरी पाठवलं की तिसऱ्या दिवशी घरचे हवालदिल होतात.

टाळता किती येतो? अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर झालेला १९९९ चा अभ्यास अजूनही पाया आहे. स्मृती, झोप, हालचाल, दृष्टी, श्रवण आणि पाणी या सहा गोष्टी सांभाळल्या तेव्हा नवा डिलिरियम १५ वरून ९.९ टक्क्यांवर आला. म्हणजे वीस जणांची नीट काळजी घेतली की एकाचा टळतो. एकदा झाल्यावर मात्र त्याच उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणूनच ते आधी करायचे असतात. कंबरेच्या हाडाच्या रुग्णांत वृद्धचिकित्सक रोज सोबत राहिल्यावर ५० चे ३२ टक्के झाले. भूल मणक्यातून की पूर्ण, हा वाद जवळपास निकालात निघाला आहे: २०२१ च्या मोठ्या चाचणीत २०.५ विरुद्ध १९.७ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. हॅलोपेरिडॉल या मानसोपचारातल्या औषधाने आयसीयूतल्या डिलिरियमचे दिवस कमी होत नाहीत, हे २०१८ मध्ये दिसलं. गोळी लिहिणं सोपं आणि आजोबांना दिवसातून तीनदा खाटेवरून उठवून खुर्चीत बसवणं अवघड, म्हणून गोळीच लिहिली जाते.

आता तुमच्या तीस खाटा. ६५ च्या वरचे सगळे घ्या, कुणालाही वगळू नका. दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिली फोर-एटी. इथे सापडलेले ‘घेऊन आलेले’. त्यानंतर रोज दोनदा, सकाळी औषधांच्या फेरीबरोबर आणि संध्याकाळी सातच्या सुमारास. दिवसातून एकदाच, तेही दहाच्या राउंडला तपासलं तर चढउताराचा आजार हमखास निसटतो, कारण डॉक्टरांसमोर दोन मिनिटं रुग्ण सावरून बोलतो. वहीत रकाने कमी ठेवा: खाट क्रमांक, वय, दाखल तारीख, आधीची स्मृतीची तक्रार, सकाळचा गुण, संध्याकाळचा गुण, गप्प की आरडाओरडा, सापडलेलं कारण, लघवीची नळी आहे का, हात बांधलेत का. शेवटचे दोन रकाने नुसते भरायला लावले तरी नळ्या लवकर निघायला लागतात.

महिन्याच्या शेवटी नव्या डिलिरियमचा भागाकार करताना खाली फक्त पहिल्या तपासणीत निर्दोष असलेले ठेवा, आणि दर हजार खाट-दिवसांमागेही काढा, कारण आपल्याकडे पुष्कळ रुग्ण स्वतःच्या जबाबदारीवर लवकर घरी नेले जातात. असा रुग्ण तिसऱ्या दिवशी गेला तर त्याचे तीनच दिवस धरायचे. ‘डिलिरियम झाला नाही’ म्हणून पूर्ण मुक्कामाच्या हिशेबात तो घालू नका. मृत्यू आणि आयसीयूत हलवणं यांनाही तोच नियम. गुण चारच्या खाली उतरून सलग ४८ तास तिथेच राहिला तर तो प्रसंग संपला समजा. पुन्हा वर गेला तर नवा प्रसंग लिहा, पण नवा रुग्ण मोजू नका. तीस खाटांत महिन्याला नवे रुग्ण सहा-आठच निघतील, तेव्हा एका महिन्यात आठाचे पाच झाले म्हणून पेढे वाटू नका. किमान सहा महिन्यांचे आकडे एकत्र करून बघा. पहिले दोन महिने आकडा वाढलेला दिसेल. तो रोग वाढल्यामुळे नसतो, तुम्ही बघायला लागल्यामुळे असतो, आणि हे वरिष्ठांना सुरुवातीलाच लेखी कळवून ठेवा.